शब्द सांग, अर्थ नको

आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ‘पलटी’ म्हणजे अपघात नव्हे. वाटेत एखादी गाडी बिघडली, की दुसरी रिकामी गाडी तिच्या पाठीला पाठ लावून उभी करायची आणि हमालांकडून सगळा माल इकडचा तिकडे चढवून घ्यायचा, याला पलटी म्हणत. दिग्रसला पलटी झाली, म्हणजे दिग्रसला माल दुसऱ्या गाडीत गेला, काळजी करू नका. खरोखरच गाडी उलटली तर तो शब्द कुणी तोंडातून काढत नसे. तेव्हा म्हणायचे, गाडी झोपली. तेही आवाज उतरवून. आणि ऐकणारा हातातलं काम तसंच टाकून उठायचा.

हे मला लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं, आणि जरा जास्तच चांगलं कळलं. त्याचीच ही हकिगत आहे. माझे यजमान जाऊन आता दीड महिना झाला. ते असतानाही मी ही लिहू शकले असते. लिहिली नाही.

मी यवतमाळची. वडील कलेक्टर कचेरीत कारकून होते. घरात पुस्तकं होती आणि बोलणं मोजून होतं. लग्न होऊन मी वणीला आले ती अशा घरात, जिथे पुढची खोली म्हणजे ऑफिस. एक टेबल, एक बाकडं, काळा फोन आणि भिंतीवर शाळेत असते तशी पाटी. पाटीवर खडूनं गाड्यांचे नंबर लिहिलेले असत, आणि प्रत्येक नंबरापुढे ती गाडी आज कुठे आहे ते. आमच्या स्वतःच्या तीन गाड्या होत्या. डाळ, सरकी, सिमेंट, मिळेल तो माल त्या नेत. मोबाईल यायच्या आधीचे दिवस. एकदा गाडी फाटकातून बाहेर पडली की ती आहे की नाही हे फक्त तो फोन सांगे. हे, म्हणजे माझे यजमान, दुपारी माल पाहायला बाजारात जात, तेव्हा मी पडद्यामागे पुस्तक घेऊन बसे आणि फोन वाजला की उठे.

पहिल्या वर्षी असाच एक फोन आला. आमच्या जुन्या ड्रायव्हरचा. आमच्याकडे सगळ्यांत जास्त टिकलेला माणूस तोच. “वहिनी, भाऊले सांगजा, आर्णीले पलटी झाली,” एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी शेजारी धावले, शेजारणीला बाजारात पिटाळलं, आणि हे घामाघूम होऊन आले तेव्हा मी बाकड्यावर बसून रडत होते. यांनी सगळं ऐकून घेतलं. आधी श्वास सोडला आणि मग हसायला लागले.

दोन दिवसांनी तो ड्रायव्हर परत आला. बाकड्यावर मांडी घालून बसला.

“वहिनी, तुमी तं मले जित्तेपनीच रडून घेतलं.”

“तुम्हीच म्हणालात पलटी झाली.”

“मंग? झालीच नं. माल इकडचा तिकडं. अन् खरंच काही झालं असतं तं मी पलटी कायले म्हनलं असतं? झोपली म्हनलं असतं.”

“गाडी कशी झोपेल?”

“थकली का झोपते. आपल्यासारखीच हाय ते.”

हे टेबलाकडून म्हणाले, “शिकव रे तिले. बी.ए. हाय, लवकर शिकन.”

मी शिकले. एका वहीच्या शेवटच्या पानावर मी ते शब्द लिहून काढले होते. गाडी लागली, म्हणजे माल भरायला उभी राहिली. पलटी, म्हणजे मालाची बदली. झोपली, यापुढे मी काहीच लिहिलं नव्हतं, नुसती रेघ ओढली होती. पुढे पाच-सहा वर्षांत मी फोनवर ड्रायव्हरांशी त्यांच्याच शब्दांत बोलू लागले. मला त्याचा अभिमान होता. माहेरी गेले की मी मुद्दाम ते शब्द वापरी, आणि वडील चष्म्यावरून माझ्याकडे पाहात.

घडलं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी सगळे ड्रायव्हर घरी होते, कारण पोळ्याला कुणी स्टेअरिंगला हात लावायला तयार नसतं. एकच गाडी रस्त्यावर होती. नांदेडला डाळ पोचवायची होती, पाऊस लागून राहिला होता, आणि तो जुना ड्रायव्हर म्हणाला होता, “जातो भाऊ मी. माह्याकडं कुठं बैल हाय.” क्लीनर सणासाठी गावी गेला होता. हा एकटाच निघाला.

पोळ्याच्या संध्याकाळी त्याचा दिग्रसहून फोन आला. मागचा पाटा तुटला होता. चाकाच्या वर लोखंडी पट्ट्यांची जी कमान असते, जिच्यावर सगळा भार तोललेला असतो, तो पाटा. मिस्त्री सकाळी बसवून देतो म्हणत होता.

“नाही जमलं त्याले तं पलटी करून घेऊ,” हे फोनवर म्हणाले. “यवतमाळहून रिकामी गाडी पाठवतो. सकाळी फोन करजो.”

फोन ठेवल्यावर यांनी मला सांगितलं, “उद्या बहुतेक पलटीचा निरोप येईल. मी नसलो तं पाटीवर लिहून ठेव.”

सकाळी दहापर्यंत फोन आला नाही, आणि हे बाजारात निघून गेले. आम्हाला वाटलं, मिस्त्री सणाच्या दुसऱ्या दिवशी उशिरा उठला असेल. खरं असं होतं की मिस्त्रीनं पहाटेच पाटा बसवून दिला होता, आणि वाया गेलेला वेळ भरून काढायला हा फोन न करताच निघाला होता. पुसद ओलांडून तो घाटाला लागला तेव्हा तो बसवलेला पाटा सरकला. पण हे मला नंतर कळलं. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास फोन वाजला तेव्हा मला फक्त एवढं माहीत होतं, की आज पलटीचा निरोप येणार आहे.

आवाज अनोळखी होता. कुणीतरी शिकलेला, बहुधा शिक्षक. आमच्या फोनवर इतकं शुद्ध बोलणारं सहसा कुणी नसे. मला ते आवडलं, हेही मला आठवतं.

“वणी ट्रान्सपोर्ट का? तुमची गाडी पलटी झाली आहे. पुसदच्या पुढे, घाटात. माणसं पाठवा, लवकर.”

“बरं,” मी म्हटलं. पाऊस होता म्हणून मी विचारलं, “माल ओला तर नाही ना झाला?”

तो म्हणाला, “बाई, माल?” आणि खरखर होऊन लाईन गेली. पुन्हा वाजेल म्हणून मी थोडा वेळ फोनजवळ उभी राहिले. वाजला नाही.

त्याच्या त्या दोन शब्दांत आश्चर्य होतं. मला वाटलं, या माणसाला आमच्या धंद्यातलं काही कळत नाही. पलटीत माल उघडा पडतो, भिजण्याची भीती असते, हे त्याला कुठून माहीत असणार. मी खडू घेतला आणि त्या गाडीच्या नंबरापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं: पुसदपुढे घाटात पलटी झाली. हमाल पाठवावेत.

माणसं असं तो म्हणाला होता. मी हमाल लिहिलं. मला ते जास्त नेमकं वाटलं.

हे साडेबाराला आले. पाटी वाचली. “दिग्रसला होती नं? पुसदपुढं कशी गेली?” एवढाच प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला. मग स्वतःच म्हणाले, “तसाच रेटत गेला असन. ऐकते कुठं तो.” त्यांनी फोनला हात लावला, आणि मी आतून म्हटलं, “आधी जेवून घ्या. पोळ्या गरम आहेत. नुसती पलटी तर आहे.”

ते आत आले. कालचं पुरण उरलं होतं. मी ताट वाढलं.

त्या वेळी घाटात काय चाललं होतं, ते मी पुढे तुकड्यातुकड्यानं ऐकलं. आता मला त्या दुपारचा एकेक घास त्याच्यासोबत आठवतो. गाडी उजव्या अंगावर आडवी होऊन खाली गेली होती. डाळीची पोती पुढे सरकून केबिनच्या मागच्या पत्र्यावर आली, पत्रा आत दबला, आणि त्याचा उजवा पाय ब्रेकपाशी अडकला. शुद्ध होती. वरून पाऊस. सणाचा दुसरा दिवस म्हणून रस्त्यावर एरवी दर पाच मिनिटांनी जाणारी गाडी त्या दिवशी तासातासानं जात होती. मोटारसायकलवरून जाणारा एक शिक्षक थांबला. त्यानं खाली उतरून त्याच्याशी बोलून घेतलं आणि मागच्या गावात जाऊन आम्हाला फोन केला. वाडीवरची चार माणसं आली. त्यांनी हातानं पोती काढायला घेतली. पत्रा उचलायला साखळी हवी होती, जॅक हवा होता, दुसरी गाडी हवी होती. ते काही त्यांच्याकडे नव्हतं.

ते पुसदला होतं. पुसदला यांच्या ओळखीचा एक ट्रान्सपोर्टवाला होता, त्याच्याकडे टोईंगची साखळी नेहमी असे. यांच्या एका फोनवर तो अर्ध्या तासात घाटात पोचला असता.

यांनी जेवण केलं, हात धुतले, सुपारी तोंडात टाकली आणि यवतमाळला फोन लावला. मी भांडी उचलत होते, ऐकत होते. “रिकामी हाय काय? पुसदपुढं पलटी करायची हाय आमची. चार हमाल घे संगं. मी आत्ताच जेवन करून उठलो. नाही नाही, घाई नाही. जेवन करून निघा.”

घाई नाही. जेवन करून निघा. हे शब्द यवतमाळच्या त्या ड्रायव्हरनं ऐकले, हमालांनी ऐकले, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या रस्त्यावर पोचले.

चार वाजता फोन वाजला तेव्हा हे टेबलाशी होते. मी दारात पडदा धरून उभी होते. कारण मला त्या शुद्ध बोलणाऱ्याचा आवाज आठवत होता, आणि त्याच्याकडून माल ओला झाला की नाही हे कळायचं राहून गेलं होतं.

“बोला,” हे म्हणाले. मग ऐकत राहिले. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता. बोटं पांढरी होत गेलेली मला दिसली.

“कोन? … केव्हापासून? … नाही, मले असं … नाही.” मग खूप हळू, “झोपली?”

पलीकडचा माणूस, पुसदच्या दवाखान्यातून, काही तरी मोठ्यानं बोलत होता. मला शब्द कळत नव्हते, पण संताप कळत होता. फोन ठेवून हे उठले, पाटीपाशी गेले आणि माझी ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली. एकेक शब्द वाचताना त्यांची नजर थांबत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तो काय म्हनला होता? सकाळी?”

“पलटी झाली म्हणाला.”

“हमाल पाठवा म्हनला?”

“माणसं,” मी म्हटलं. “माणसं पाठवा म्हणाला.”

यांनी धोतराच्या सोग्यानं नव्हे, ओल्या फडक्यानं नव्हे, तळहातानं ती ओळ पुसली. खडूचा पांढरा डाग हाताला घेऊनच ते निघाले. दारातून मागे वळून म्हणाले, “फोन मी घेतला होता. ध्यानात ठेव.”

दोन वाजून गेल्यावर समोरून आलेल्या एका गाडीनं पत्रा ओढून त्याला बाहेर काढलं होतं. चार तास. पुसदहून त्याला नागपूरला हलवलं आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्याखालून पाय काढला. लवकर सुटला असता तर वाचला असता का, असं यांनी तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं. सांगता येत नाही, असं ते म्हणाले. हे उत्तर यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. त्यात त्यांनी काही मिसळलं नाही.

चौथ्या दिवशी त्याची बायको ऑफिसात आली. बसली नाही. मी पडद्यामागे होते.

“भाऊ, फोन कोनं घेतला होता?”

“मी.”

“काय म्हनला तो?”

“माह्या समजण्यात चूक झाली.”

“तुमच्या?” ती म्हणाली. “तुमची अन् गाडीच्या निरोपात चूक?”

माझा हात पडद्यावर होता. नुसता बाजूला करायचा होता. यांनी मान न वळवता म्हटलं, “आत चहा ठेव.” मी आत जाऊन चहा ठेवला. चहा उकळला तेव्हा ती निघून गेली होती.

रात्री मी यांना म्हटलं, मी सांगते तिला. हे म्हणाले, “तुले मालकीन मानतेत म्हनून लोक घरात येतेत. मले शिव्या खायची सवय हाय.” मी एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

तो ड्रायव्हर परत आला नाही. यांनी निरोप पाठवले, स्वतः दोनदा गेले. त्यानं दार उघडलं नाही. पुढे कोळशाच्या रस्त्यावरच्या एका वजनकाट्यावर तो बसू लागला, जयपूरचा पाय लावून. आमच्या गाड्या वजनाला गेल्या की तो वजन सांगायचा. दुसरं काही बोलायचा नाही.

आणि मग ते सुरू झालं. सुरुवात कुणी केली माहीत नाही. एखादा ड्रायव्हर बाकड्यावर टेकायचा आणि अगदी आदरानं विचारायचा, “भाऊ, जेवन झालं काय?” सकाळी दहा वाजता. कुणी बाजारात विचारायचा, कुणी एस.टी. स्टँडवर. ऐकणारे दुसरीकडे बघायचे. झोपल्याचा निरोप येऊनही जेवत बसलेला मालक, असा त्याचा अर्थ होता. हे प्रत्येक वेळी म्हणायचे, “झालं बावा.” त्यांचा आवाज कधी चढला नाही. पण दुपारचं जेवण ते पुन्हा कधी नीट बसून जेवले नाहीत. उभ्यानं दोन घास, एक हात फोनपाशी.

त्या दिवसानंतर माझ्याकडून निरोप घेताना त्यांची एक रीत झाली. मी म्हणे, अमका म्हणत होता की गाडी उद्या लागेल. ते म्हणत, “शब्द सांग, अर्थ नको.” मग मी जसंच्या तसं सांगे. गाड्या विकल्या, ऑफिसच्या खोलीत मोबाईलचं दुकान आलं, तरी ती रीत राहिली. सून काय म्हणाली, विमेवाला काय म्हणाला, सगळ्याला तेच. त्यात राग नव्हता. पण मला ते दर वेळी पाटीपाशी नेऊन उभं करी.

या वर्षी यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. परत आत गेले तेव्हा हे जागे होते.

“काय म्हनले?”

“म्हणाले, हळूहळू आराम पडेल.”

त्यांनी डोळे मिटले. “शब्द सांग.”

मी पलंगाची कड धरली. “‘घरी नेलं तरी चालेल’, असं म्हणाले.”

“मंग चाल घरी,” ते म्हणाले.

घरी आल्यावर ते अकरा दिवस होते.

ते गेल्यानंतरच्या आठव्या दिवशी, दुपारी, फाटकाशी ऑटो थांबला. काठी टेकत तो आत आला. केस सगळे पांढरे, पण दारात वाकण्याची तीच पद्धत, उंच केबिनमधून उतरणाऱ्या माणसाची. तीस वर्षांत तो या घराची पायरी चढला नव्हता. मी खुर्ची सरकवली.

“बसाले नाही आलो,” तो म्हणाला. फोटोकडे पाहात उभा राहिला. मग बसला, कारण उभं राहणं त्याला जमत नव्हतं. “मानूस वाईट नव्हता, वहिनी. एकच दिवस वाईट निघाला त्याचा.”

तो पुढे बोलत गेला, फोटोला सांगितल्यासारखं.

“मी मास्तरले शब्द देला होता. पाय दबला होता, पन शुद्ध होती मले. म्हनलं, मास्तर, वनीले फोन करा. जास्त काही सांगू नोका, एवढंच म्हना, गाडी झोपली. झोपली म्हनलं का भाऊ ताटावरून उठते. लय भरोसा होता मले. घंटा गेला, दोन घंटे गेले, मी मास्तरले इचारलं, सांगतलं नं बरोबर? तो म्हने, हो, बरोबर सांगितलं. अन् भाऊ जेवत बसले.” तो थांबला. “पायाचं नाही वाटत मले आता. पन झोपली ऐकूनही जेवले, हे नाही जात.”

इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की त्याचा राग उशिराबद्दल आहे. तो त्या शब्दाबद्दल होता, हे मला त्या क्षणी कळलं. आणि तो शब्द आमच्या घरापर्यंत आलाच नव्हता, हे सांगू शकणारी मी एकटी उरले होते. यांनी ध्यानात ठेव म्हटलं होतं. मी तीस वर्षं ठेवलं.

“मास्तरांनी झोपली म्हटलं नाही,” मी म्हणाले. “फोन मी घेतला होता.”

तो माझ्याकडे वळला.

मी सांगितलं. मास्तर पलटी म्हणाले. मी पलटीच समजले. माणसं पाठवा म्हणाले, मी हमाल लिहिलं. जेवून घ्या, हेही मीच म्हटलं. सांगताना माझा आवाज स्थिर होता, याची मला लाज वाटली.

बराच वेळ त्यानं काठीची मूठ फिरवली. “मास्तर होता तो,” शेवटी म्हणाला. “त्याले वाटलं असन, झोपली म्हनलं तं फोनवरचा मानूस म्हनन, गाडी कायची झोपते. म्हनून त्यानं सुधरून सांगतलं.”

“आणि मीही सुधारून लिहिलं.”

“हो,” तो म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. “अन् एवढं सांगासाठी भाऊले मरा लागलं?”

मी पाणी आणायला उठले, त्यानं हातानं थांबवलं.

“तो काय म्हनला फोनवर, ते पुरं सांगा. जसं म्हनला तसं.”

मी उभ्यानंच सांगितलं. “वणी ट्रान्सपोर्ट का? तुमची गाडी पलटी झाली आहे. पुसदच्या पुढे, घाटात. माणसं पाठवा, लवकर.” मग माझा प्रश्न सांगितला, मालाबद्दलचा. मग, “बाई, माल?”

त्यानं डोळे मिटून ऐकलं. “आनखी एक डाव,” म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. तो उठला, फोटोला हात जोडले, मला काहीच न म्हणता गेला. येतो असंही म्हणाला नाही.

तेरवीला मांडवात जुनी बरीच मंडळी आली होती. गाड्या विकून कधीच मोकळे झालेले मालक, दोन-तीन दलाल, काही ड्रायव्हर, ज्यांची नावं मी विसरले होते पण आवाज नाही. पंगत बसली तेव्हा तो बायकोबरोबर आला. खाली बसता येत नाही म्हणून त्याला टोकाला खुर्ची-टेबल दिलं. मला घरच्यांनी बसून राहा म्हटलं होतं, तरी मी वरणाचं भांडं उचललं होतं.

पंगतीत एक म्हातारा दलाल होता. गाड्या होत्या त्या काळात आमच्या बाकड्यावर रोज बसणारा. शेजाऱ्याला म्हणाला, फार हळू नाही, “आता भाऊ आरामात जेवत असतीन. कोनाचा फोन नाही तिथं.” शेजारी हसला. आणखी एक-दोघं हसले. वाईट हेतूनं नव्हे. ती सवयच पडली होती.

“भाऊले पलटी म्हनून निरोप आलता,” टोकाकडून आवाज आला. मोठा नव्हता. “झोपली म्हनून नाही.”

हात थांबले. ती सगळी त्याच धंद्यातली माणसं. त्यांना याहून जास्त सांगायची गरज नव्हती. म्हाताऱ्यानं घास ताटात ठेवला.

“पलटी म्हनून?”

“पलटी म्हनून. घाई नाही म्हनले, ते त्याच्यानं.”

“मंग भाऊ इतके दिवस बोलले काहून नाही?” म्हाताऱ्यानं विचारलं. “फोन कोनं घेतला होता?”

तो ताटाकडे पाहात राहिला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही, आणि माझं नावही घेतलं नाही. ते त्यानं माझ्यावर सोडलं होतं. मी पंगतीच्या मधोमध उभी होते, भांड्याचा कान गरम लागत होता.

“मी घेतला होता,” मी म्हणाले. “मला पलटीचा एकच अर्थ माहीत होता.”

म्हातारा माझ्याकडे बघत होता, मग त्यानं यांच्या फोटोकडे बघितलं, आणि मान खाली घातली. टोकाकडून वाटी सरकवल्याचा आवाज आला.

“वहिनी,” तो म्हणाला, “इकडं वरन नाही आलं.”

मी त्याच्यापर्यंत गेले आणि वरण वाढलं.